साहेबांचे खाडे कोण मांडतो?

पाडव्याला सालगडी ठरवताना घराघरांत किती घासाघीस चालते ते आठवून पाहा. साल किती, ज्वारी किती पायल्या, कपड्याचे जोड किती, आणि वर्षाकाठी खाडे किती माफ. पुढे बारा महिने घरची कारभारीण भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघा ओढत असते. आज गडी आला नाही, ओढ एक रेघ. डेअरीवर दूध घातले की लिटर आणि फॅट लिहिलेली चिठ्ठी आपण जपून ठेवतो. दुकानदाराची उधारीची वही आणि आपल्या डोक्यातला हिशेब ताडून पाहतो. मात्र ज्या माणसाला आपण पाच वर्षांच्या बोलीवर मुंबईला किंवा दिल्लीला पाठवतो, त्याचा एक तरी खाडा आपल्यापैकी कुणी मांडून ठेवला आहे काय?

कळंब तालुक्यातल्या एका गावी पारावर बसलो असता मी सहज विचारले, "तुमच्या आमदारसाहेबांनी गेल्या अधिवेशनात कोणता प्रश्न विचारला?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. शेवटी एक म्हातारबाबा म्हणाले, "प्रश्न इचारला का न्हाई ते ठावं न्हाई, पर माझ्या नातीच्या लग्नाला आलता माणूस." यात बाबांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. सुखदुःखाला धावून येणारा माणूस कुणाला नको असतो? पण लग्नाला यायला आपले सोयरेधायरे आहेत. आमदार-खासदार आपण ज्या कामासाठी निवडतो ते काम सभागृहात चालते, आणि ते कसे चालते हे पाहायला आपण कधी जात नाही.

त्या सभागृहात बसून आपल्या शिवारात काय बदलते, असे कुणी विचारील. जुन्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. आपल्या जिल्ह्यातली बायामाणसे खडी फोडायला, पाझर तलावाची माती उचलायला कामावर गेली होती. मागेल त्याला काम ही कल्पना वि. स. पागे यांनी मांडली. ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. पण कल्पना ती कल्पनाच. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि मग काम मिळणे ही सरकारची मेहेरबानी न राहता मजुराचा हक्क झाला. पुढे २००५ साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा हाच अनुभव समोर होता. हे सारे सभागृहात घडले आणि त्यावरची मजुरी आपल्या घरात आली.

आता मतदानाचे पाहू. बहुतेकांची समजूत अशी की, प्रत्येक कायद्याच्या वेळी कोणी बाजूने मत दिले आणि कोणी विरोधात, हे कुठेतरी लिहिलेले असणारच. तसे नसते. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. दोन्हीकडून गलका होतो, अध्यक्ष एका बाजूचा कौल देतात, आणि ठराव मंजूर. याला आवाजी मतदान म्हणतात. यात कुणाचे नाव उरत नाही. कुणा सदस्याने मतविभाजन मागितले तरच मोजणी होते. लोकसभेत त्यासाठी १९५७ पासून प्रत्येकाच्या जागेवर बटणे आहेत. हिरवे होकाराचे, लाल नकाराचे, पिवळे तटस्थाचे. अशी मते मात्र नावानिशी कामकाजात छापली जातात. घटनादुरुस्तीला तर मोजणी करावीच लागते. महिला आरक्षणाचे विधेयक २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. त्या दोघांत एक औरंगाबाद मतदारसंघाचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील होते, हे आज कुणालाही वाचता येते. इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम स्त्रियांसाठी त्यात वेगळा वाटा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पटो न पटो, मत उघड होते आणि कारणही उघड होते.

याच्या उलट शेतकऱ्याच्या घरचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये तीन कृषी कायदे संसदेत मंजूर झाले. देशभर त्यावरून केवढे रान पेटले ते आपण पाहिले. वर्ष उलटल्यावर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांनी ते एकाच दिवसात मागे घेतले. लोकसभेत तर चर्चाही झाली नाही. आले तेव्हा आवाजी मतदान, गेले तेव्हाही आवाजी मतदान. आपल्या खासदाराने त्या कायद्यांवर कोणते मत दिले हे शोधायला निघालात, तर नावांची यादीच सापडणार नाही, कारण ती झालीच नाही. राज्यसभेत विरोधकांनी मोजणी मागितली होती, ती मिळाली नाही, म्हणून तिथे गोंधळ झाला होता. बाजार समितीत एक पोते तोलायला काटा लागतो; तीन कायदे काट्यावाचून आले आणि काट्यावाचून गेले.

आपल्या विधानसभेत महत्त्वाच्या वेळी शिरगणती होते. एकेक सदस्य उभा राहतो, नाव आणि क्रमांक सांगतो. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे यांच्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव असाच मोजला गेला. बाजूने १६४, विरोधात ९९. त्या दिवशी उमरग्याचे ज्ञानराज चौगुले आणि परंड्याचे तानाजी सावंत शिंदे यांच्या बाजूला होते, तुळजापूरचे राणाजगजितसिंह पाटील भाजपचे म्हणून त्याच बाजूला, आणि उस्मानाबादचे कैलास पाटील विरोधात. एका जिल्ह्याचे चार आमदार, तीन इकडे, एक तिकडे. चौगुले, सावंत आणि कैलास पाटील हे तिघेही २०१९ मध्ये एकाच पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले. आता कोण बरोबर, कोण चूक, हे ज्याचे त्याने ठरवावे. २०२४ च्या निवडणुकीत मतदारांनी आपापल्या परीने ठरवलेही. पण असे दिवस पाच वर्षांत एखाद-दुसरेच येतात.

एरवीच्या मतांवरून माणसाची पारख करायला गेलात तर फसाल. १९८५ साली घटनेत ५२ वी दुरुस्ती झाली आणि पक्षांतरबंदी आली. तेव्हापासून पक्षाचा आदेश, ज्याला व्हिप म्हणतात, तो मोडून मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. २०२२ च्या त्या मतदानात दोन्ही बाजूंनी व्हिप काढले होते, आणि खरा व्हिप कुणाचा हा वाद १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांच्या निकालापर्यंत चालला. तेव्हा आमदाराचे मत हे बहुतेक वेळा पक्षाचे मत असते. ते मालकाच्या दाव्याला बांधलेले आहे असे समजा.

प्रश्न मात्र त्याचा स्वतःचा असतो. तो विचारायला पक्षाने भाग पाडले नाही, आणि न विचारण्याचे कारणही सांगता येत नाही. म्हणून माझे सांगणे असे की, आपल्या प्रतिनिधीचे माप घ्यायचे तर त्याचे प्रश्न वाचा.

प्रश्न दोन जातींचे. ज्यावर चांदणीची खूण असते तो तारांकित. त्याचे उत्तर मंत्र्याला उभे राहून द्यावे लागते, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खूण नसलेला तो अतारांकित, त्याचे लेखी उत्तर येते. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीवर येतात. सूचना निदान १५ दिवस आधी द्यावी लागते, आणि कुणाचा प्रश्न लागायचा ते सोडतीने ठरते. विधानसभेत याशिवाय लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे.

विधानसभेचा छापील प्रश्न एकदा वाचून पाहाच, त्याची एक ठरलेली चाल असते. अमुक तालुक्यात अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळले, व त्यानुसार कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली मंत्र्याचे उत्तर. कधी "होय, हे खरे आहे". कधी "हे अंशतः खरे आहे", हे फार लाडके उत्तर. आणि शेवटच्या कलमाला बहुधा "प्रश्न उद्भवत नाही". आमच्या ओळखीचे एक मास्तर म्हणतात, विहीर कोरडी पडली तरी या खात्याचा प्रश्न उद्भवत नाही! पण हसण्यावारी नेऊ नका. सरकारने कागदावर "खरे आहे" म्हटले की तो कागद तुमच्या हातात येतो. तलाठ्यापासून न्यायालयापर्यंत कुठेही तो दाखवता येतो. आणि "करण्यात येईल" असे मंत्री बोलून गेला, तर ते आश्वासन म्हणून नोंदले जाते. त्याचा पाठपुरावा करायला दोन्हीकडे आश्वासन समित्या आहेत. लोकसभेत अशा आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते.

याचे मोल आपल्या जिल्ह्याइतके कुणाला कळावे? २०२० च्या खरिपात ऑक्टोबरच्या पावसाने काढणीला आलेले, काढून ठेवलेले सोयाबीन भिजले, कुजले. विमा उतरवलेला होता. पण नुकसानीची खबर ७२ तासांत दिली नाही म्हणून हजारो-लाखो शेतकऱ्यांचे दावे अडले. रस्ते वाहून गेलेले, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि खबर द्यायची ७२ तासांत! प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांचा तो प्रश्न होता. आता नीट ध्यानात घ्या, ७२ तासांची ही अट पीकविमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत होती. अशा सूचना कचेरीत तयार होतात, त्यांवर सभागृहात मत घेतले जात नाही. म्हणजे आपल्या खासदाराचे मतदान कितीही तपासले तरी या अटीबद्दल तो कुठे उभा होता हे कळणार नाही. ते कळेल त्याच्या प्रश्नांवरून. त्याने ही अट का, कुणी घातली, किती दावे तिच्यापायी फेटाळले, असे विचारले काय? कधी विचारले, नुकसानीच्या आधी की नंतर? उत्तर काय आले?

हे पाहायला मुंबई गाठायची गरज नाही. घरात कॉलेजला जाणारे पोर असेल तर त्याच्या मोबाइलवर अर्ध्या तासाचे काम आहे. संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराच्या नावाने त्याचे प्रश्न, उत्तरे, भाषणे मिळतात. फक्त मतदारसंघ "धाराशिव" म्हणून शोधू नका. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले तरी लोकसभा मतदारसंघाचे दप्तरी नाव उस्मानाबादच आहे. त्यात आपले चार विधानसभा मतदारसंघ, शिवाय औसा आणि बार्शी. २०१९ आणि २०२४ मध्ये तेथून ओमप्रकाश राजेनिंबाळकर निवडून आले आहेत. दिल्लीची पीआरएस नावाची संस्था २००५ पासून काम करते. ती प्रत्येक खासदाराची हजेरी, प्रश्न आणि चर्चेतला भाग मांडून ठेवते. विधानसभेच्या प्रश्नांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर, आणि त्या मराठीत असतात ही मोठीच सोय. मुंबईच्या आमदारांचे प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन दरवर्षी काढते. आपल्याकडे तसे कुणी करत नाही, तेव्हा आपली वही आपणच घालावी.

वही घालताना काही गोष्टी सांभाळा, नाहीतर माणसावर अन्याय व्हायचा. मंत्री प्रश्न विचारत नाही, तो उत्तरे देतो, आणि हजेरीपटावर सहीही करत नाही. परंड्याचे आमदार २०२२ ते २०२४ आरोग्यमंत्री होते. त्या काळातले त्यांचे रकाने कोरे दिसले तर तो खाडा धरू नका. त्या काळात आरोग्य खात्याने आपल्या जिल्ह्याबद्दल काय उत्तरे दिली ते पाहा. दुसरे, नुसता आकडा पाहून भुलू नका. एका प्रश्नावर पाच-दहा आमदारांच्या सह्या असतात, आणि पंचवीस प्रश्नांपैकी आपल्या तालुक्याचा एखादाही नसतो. तिसरे, हजेरीपटावरची सही म्हणजे तो त्या दिवशी दारापर्यंत आला एवढेच. आणि मुळात सभागृहच किती दिवस भरले तेही लिहून ठेवा. १९५२ ते १९५७ च्या पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या होत्या. २०१९ ते २०२४ च्या सतराव्या लोकसभेच्या झाल्या २७४. गडी कामावर यायला तयार, पण मालकाने औतच जुंपले नाही, तर त्याला काय बोल लावणार?

याच जिल्ह्याने शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील विधानसभेत पाठवले होते. विरोधी बाकावर बसून सरकारला घाम फोडणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती. १९७७ मध्ये ते लातूरहून लोकसभेत गेले. त्यांची भाषणे ऐकायला आपले आजे-पणजे मुंबईला गेले नव्हते. तरी उद्धवराव काय बोलले हे गावात ठाऊक असायचे, कारण लोक विचारायचे आणि कार्यकर्ते येऊन सांगायचे. आज तर प्रत्येकाच्या खिशात सभागृह आहे. त्यावर आपण काय पाहतो ते असो.

तर करायचे एवढेच. शंभर पानी वही घ्या, पहिल्या पानावर तुमच्या आमदाराचे नाव, मधल्या पानावर खासदाराचे. अधिवेशन संपले की तारीख, प्रश्नाचा विषय, गाव-तालुका, मंत्र्याचे उत्तर आणि उत्तराप्रमाणे काम झाले की नाही, एवढे लिहा. बचत गटाची महिन्याची बैठक होते तिथे ते वाचून दाखवा. हिशेबात बायका पक्क्या असतात, हे गटाच्या पुस्तकांवरून दिसतेच. आणि सोयाबीन निघाले, रब्बीची पेरणी उरकली की हिवाळी अधिवेशन येते, बहुधा डिसेंबरात नागपूरला. त्याच्या महिना-दीड महिना आधी गावाचा एकच नेमका प्रश्न, गट नंबर आणि तारखांसह, कागदावर लिहून आमदाराच्या कार्यालयात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायला विसरू नका. ती पोच वहीत चिकटवा.