पंखा आणि मिठाची बरणी

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की खांदेरी आणि उंदेरी ही बेटं समोर दिसतात. दिसत नाही ते वाऱ्यातलं मीठ. लाट फुटते, तुषार उडतात, त्यातलं पाणी हवेतच सुकतं आणि उरलेले कण खिडकीतून घरात येतात. ते छताच्या पंख्यावरही बसतात.

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, हे कुठल्याही घरात ठाऊक असतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळू लागतं. पंख्याच्या जोडण्यांवर बसलेलं मीठही तेच करतं. पाऊस आत आलेला नसतो, तरी तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, स्क्रू गंजतात.

मग एके दिवशी पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही. कोरड्या काठीने पात्याला ढकललं तर बऱ्याचदा हळूहळू फिरू लागतो. गंमत अशी की उलट ढकलला तर उलटाही फिरतो! म्हणजे मोटर जिवंत आहे, फक्त कुठल्या बाजूला फिरायचं हे तिला ठरवता येत नाही.

घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. एका वाइंडिंगचं, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचं, चुंबकीय बळ त्यामुळे ताकातल्या रवीसारखं नुसतं इकडून तिकडे होतं. जातं फिरवताना हात दोन हालचाली करतो, पुढेमागे आणि डावीउजवीकडे. एक दुसरीच्या किंचित आधी होते म्हणून खुंटा गोल फिरतो. पंख्यातही दुसरं वाइंडिंग असतं आणि त्यातला प्रवाह किंचित आधी नेण्याचं काम कंडेन्सर करतो, म्हणून चुंबकीय बळही गोल फिरतं. तो निकामी झाला की पंखा नुसता गुणगुणतो. कागदोपत्री त्याला कपॅसिटर म्हणतात, पण दुकानात कंडेन्सरच मागतात. असं फिरतं चुंबकीय क्षेत्र इटलीच्या गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये करून दाखवलं. टेस्ला यांना त्यांच्या मोटरची पेटंटं १८८८ मध्ये मिळाली.

कंडेन्सर म्हणजे प्लास्टिकच्या तलम फितीची गुंडाळी. फितीवर धातूचा जो थर असतो तो केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. फितीला कुठे भोक पडलं तर ठिणगी उडते, भोकाभोवतीचा धातू वाफ होऊन जातो आणि ती जागा आपोआप वेगळी पडते. स्वतःची जखम स्वतःच भरणारी वस्तू, तीही शे-दोनशे रुपयांच्या आत! पण प्रत्येक जखमेला थोडा धातू खर्ची पडतो. आत दमट हवा शिरली तर तो आणखी झपाट्याने जातो. क्षमता घटते, पंखा मंदावतो, आणि आपण रेग्युलेटरला शिव्या घालतो.

कंडेन्सर बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडायचा आणि टेस्टरने खात्री करायची. वीज गेली तरी कंडेन्सरमध्ये साठा उरू शकतो, म्हणून उघड्या टोकांना हात नको. वायरमन बल्ब जोडून तो रिकामा करतो. नवा घ्यायचा तो जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच. घरच्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. जास्त आकड्याचा लावला की वारा जास्त, ही समजूत वाइंडिंग तापवते.

रिकामा केलेला जुना कंडेन्सर वायरमनकडून मागून घ्या. आत राळ घट्ट बसलेली नसेल तर फीत मीटर मीटर उलगडत जाते. उजेडासमोर धरली की रुपेरी पडद्यावर जागोजागी धातू उडालेले ठिपके दिसतात, आणि कडेकडेने दमट हवेने खाल्लेले पारदर्शक डाग.