कल्पनेस मुभा

अमेरिकेतील थ्री-एम कंपनीत 1968 साली भक्कम डिंक शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांच्या हाती, चिकटूनही सहज सुटणारा असा दुर्बल पदार्थ लागला. अन्यत्र तो दप्तरदाखलच झाला असता. परंतु कामाच्या वेळेपैकी 15 टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांस देण्याची मुभा तेथे रूढ होती, आणि सूचनापेट्या व बक्षिसे यांहून मला तीच मोलाची वाटते. सिल्व्हर वर्षानुवर्षे सहकाऱ्यांस तो डिंक दाखवीत राहिले. अखेर 1974 मध्ये, चर्चच्या गायनवृंदात स्तोत्रपुस्तकातील खुणेच्या चिठ्ठ्या गळून पडत म्हणून त्रासलेल्या आर्थर फ्राय या सहकाऱ्यास त्या डिंकाचा उपयोग सुचला. 1980 साली त्यातून घडलेली चिकटचिठ्ठी अमेरिकाभर विक्रीस आली. तिचा पिवळा रंगसुद्धा शेजारच्या प्रयोगशाळेत पिवळाच कागद शिल्लक पडला होता म्हणून ठरला.