पोलिसांनी मोबाइल मागितला तर? नियम आणि तुमचे हक्क

समजा, तुम्ही बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत कामाला आहात आणि घरात एकच स्मार्टफोन आहे. गृहलक्ष्मीच्या २,००० रुपयांचा संदेश, बँकेचा ओटीपी, शाळेचे निरोप, सगळे त्याच फोनवर येते. एखाद्या गुन्ह्याच्या तपासात पोलीस तो फोन मागतात. तुमच्यावर आरोप असेलच असे नाही. तुमच्या बँक खात्यातून दुसऱ्या कोणी पैसे फिरवलेले असू शकतात किंवा तुम्ही साक्षीदार असू शकता. अशा वेळी पुढील माहिती उपयोगी पडेल.

पोलिसांना फोन मागण्याचा अधिकार आहे का?

होय. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ९४ नुसार न्यायालय समन्स काढून, किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊन, मोबाइल हजर करायला सांगू शकतो. तुम्ही तो देणार नाही असे न्यायालयाला वाटल्यास कलम ९६ नुसार झडतीचे वॉरंट निघू शकते.

वॉरंटशिवाय झडती होऊ शकते का?

उशीर झाल्यास पुरावा हाती लागणार नाही, असे मानायला कारण असेल तर कलम १८५ नुसार होऊ शकते. मात्र अधिकाऱ्याने कारणे आधी लिहून ठेवावी लागतात. त्या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पोहोचाव्या लागतात.

फोन देताना काय पाहावे?

• लेखी आदेश किंवा वॉरंट दाखवायला सांगा. अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा व पोलीस ठाणे लिहून घ्या.
• झडती व जप्तीचे ध्वनी-चित्रमुद्रण करणे कलम १०५ नुसार आवश्यक आहे.
• जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागून घ्या. तीत फोनचा आयएमईआय क्रमांक आणि सिमची नोंद आहे का ते पाहा.
• कर्नाटकात पंचनाम्याला ‘महजर’ म्हणतात. तो बहुधा कन्नडमध्ये असतो. मजकूर समजेल अशा भाषेत वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

पासवर्ड सांगावाच लागतो का?

बेंगळूरुमधील एका अमली पदार्थ प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने १२ मार्च २०२१ रोजी याबाबत निकाल दिला. तपास अधिकारी पासवर्ड मागू शकतो. आरोपीने नकार दिल्यास अधिकारी न्यायालयाकडून वॉरंट मागू शकतो. पासवर्ड देण्याचा आदेश म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालानुसार फोनमधील माहिती न्यायालयाच्या लेखी परवानगीशिवाय तिसऱ्या व्यक्तीला देता येत नाही. पासवर्डच्या प्रश्नावर देशातील सर्व न्यायालयांचे मत सारखे नाही. त्यामुळे तुम्ही आरोपी असाल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या.

फोन जप्त झाल्यावर योजनेचे पैसे थांबतात का?

नाही. थेट लाभाची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते, फोनमध्ये नाही. बँकेच्या शाखेत जाऊन किंवा बँक मित्राकडे बोटाचा ठसा देऊन पैसे काढता येतात. आधारला दुसरा मोबाइल क्रमांक जोडायचा असल्यास आधार केंद्रात जा. त्यासाठी जुन्या क्रमांकावरील ओटीपी लागत नाही.

फोन परत कसा मिळतो?

खटला संपेपर्यंत थांबायलाच हवे असे नाही. संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे फोन ताब्यात मिळण्यासाठी अर्ज करता येतो. अर्जासोबत जप्ती यादीची प्रत आणि असल्यास खरेदीची पावती जोडा.

मोफत वकील मिळतो का?

महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा.

सावधान

‘पोलीस बोलतोय, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो ठकांचा आहे. अशी अटक कायद्यात नाही. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.