आधी ऐका, मग बोला : वीज वाचविणारा जाणता रेडिओ



विहिरीवरची मोटार आता घरबसल्या मोबाईलवरून सुरू करता येते. वारणा भागात २००७ च्या सुमारास काही गावांत उसाची माहिती मोबाईल संदेशाने देण्याचा प्रयोगही झाला. पण वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली आणि डिझेल संपले, की मोटारही बंद आणि निरोपही बंद. म्हणून टॉवरने वीज जपून वापरणे हे आपल्याही हिताचे आहे.

जाणता रेडिओ म्हणजे काय?

पाटाच्या पाण्याची पाळी ठरलेली असते. एखाद्याने आपल्या पाळीला पाणी घेतले नाही, तर पाट रिकामा राहतो. रेडिओ लहरींचेही तसेच आहे. ज्याला पट्टा दिला, तो वापरत नसला तरी दुसऱ्याला मनाई. जाणता रेडिओ आधी कानोसा घेतो, मोकळ्या पट्ट्यावर बोलतो आणि मालक आला की बाजूला होतो. जोसेफ मिटोला व जेरल्ड मॅग्वायर यांनी १९९९ मध्ये ही कल्पना मांडली.

वीज कशी वाचते?

१. गर्दीच्या पट्ट्यात संदेश एकमेकांवर आदळतात व पुन्हा पाठवावे लागतात. ही दुबार पेरणीच! मोकळ्या पट्ट्यात ती टळते.

२. दूरदर्शनच्या पट्ट्यातील लहरी कमी शक्तीत लांब जातात. झाडी व उभा ऊस त्यांना कमी अडवतो.

३. रात्री बोलणारे नसले, की यंत्राचा काही भाग झोपवता येतो.

मात्र कानोसा घेण्यालाही वीज लागते. तो बेतानेच घ्यावा. नाहीतर खुरपणीचा खर्च पिकापेक्षा जास्त व्हायचा.

आपल्या राज्यातील प्रयोग

आयआयटी मुंबईच्या संशोधकांना २०१४ च्या अभ्यासात आढळले, की दूरदर्शनच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील १५ पैकी किमान १२ चॅनेल देशात जवळजवळ सर्वत्र मोकळे होते. त्याच सुमारास त्यांनी पालघरच्या काही खेड्यांत अशा मोकळ्या चॅनेलवरून इंटरनेट पोहोचवून दाखविले.

आज आपण काय करावे?

सिग्नल कमी असेल तिथे मोबाईल जास्त जोराने बोलतो व बॅटरी लवकर संपते. म्हणून मोटारीच्या मोबाईल स्टार्टरचा अँटेना उंच व मोकळ्या जागी बसवा. रानात सिग्नलच नसेल, तर फोन विमान मोडवर ठेवा. पाणी असो वा वीज, गरजेपुरतीच वापरावी.