शान्तरस, अभिनय आणि ‘इकिरू’

शान्तरसाला नाट्यात स्थान आहे काय, हा संस्कृत साहित्यशास्त्रातील एक जुना वाद होय. भरताने मुळात आठच रस सांगितले, असे मानणारा पक्ष प्रबळ होता. दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपका’त शमाची नाट्यात पुष्टी होत नाही, असे मत नोंदविले. त्यावर टीका लिहिणाऱ्या धनिकाने त्याचे कारणही दिले आहे. शम म्हणजे सर्व व्यापारांचा विलय. जेथे व्यापारच उरला नाही, तेथे नटाने अभिनय कशाचा करावयाचा? आत्मज्ञान हाच शान्ताचा स्थायी मानणाऱ्या अभिनवगुप्ताने या आक्षेपाला दिलेले उत्तर मार्मिक आहे. फलभूमीवर पोहोचलेला शृंगारही अवर्णनीयच असतो. मग हा दोष एकट्या शान्ताच्या माथी का मारावा? मराठीत ज्ञानेश्वरांनी शान्ताला शृंगाराहूनही वरचे स्थान दिले खरे. परंतु ज्ञानेश्वरी श्रवणाची आहे, रंगभूमीची नव्हे. नटाची अडचण तशीच उरते.

चित्रपटात ही अडचण वाढते, कारण कॅमेऱ्याला दिसते ते केवळ बाह्य रूप. म्हणूनच ‘आध्यात्मिक’ म्हणविणारे बहुसंख्य चित्रपट प्रभावळ, चमत्कार आणि मिटलेले डोळे यांचा आश्रय घेतात. त्यांतून भक्तिभाव सूचित होतो. प्रेक्षक अंतर्मुख होतोच असे नाही. अकिरा कुरोसावा यांचा १९५२ चा जपानी चित्रपट ‘इकिरू’ याहून निराळ्या वाटेने जातो. ‘इकिरू’ म्हणजे ‘जगणे’. त्यात देव नाही, संत नाही, उपासनेची महती नाही.

चित्रपटाचा आरंभ एका क्ष-किरण चित्राने होतो. हे जठर नायकाचे असून त्यात कर्करोग आहे, असे निवेदक सांगतो. नायक कान्जी वातानाबे हा नगरपालिकेतील एका विभागाचा प्रमुख. त्याने सारी हयात कागदांवर शिक्के मारण्यात घालविली असून, हा माणूस खऱ्या अर्थाने जगतच नाही, असा शेराही निवेदक मारतो. म्हणजे नायकाला स्वतःविषयी जे ठाऊक नाही, ते प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असते. या कथेमागील प्रेरणा टॉल्स्टॉयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ (१८८६) या दीर्घकथेची आहे. टॉल्स्टॉयही मृत्यूची वार्ता आरंभीच देतो. मात्र त्यानंतर तो वाचकाला मरणाऱ्याच्या अंतःकरणात थेट शेवटच्या क्षणापर्यंत नेतो. कुरोसावा नेमके हेच नाकारतात.

मरण कळल्यावर वातानाबे रात्रभर मद्यगृहांतून हिंडतो. तेथे तो १९१५ चे एक लोकप्रिय गीत, आयुष्य अल्प आहे अशा आशयाचे, अश्रू ढाळीत गातो आणि भोवतालची माणसे स्तब्ध होतात. पुढे कचेरी सोडून खेळण्यांच्या कारखान्यात गेलेल्या एका तरुणीच्या सहज बोलण्यातून त्याला उमगते, की अजून काही करता येईल. तो जिना उतरत असताना समोरच्या सज्ज्यातील तरुण मंडळी दुसऱ्याच कुणाच्या तरी वाढदिवसाचे गाणे गात असतात. प्रसंग काहीसा ढोबळ खरा, तरी तो क्षम्य आहे. वस्तीतील स्त्रियांनी सांडपाण्याच्या डबक्याच्या जागी बाग मागितली होती, आणि त्यांचा अर्ज खात्याखात्यांतून फिरून परत आला होता. वातानाबे तो अर्ज हाती घेतो. आता नायकाचे कर्तृत्व पाहावयास मिळणार, अशी अपेक्षा असतानाच निवेदक कळवितो, की पाच महिन्यांनी नायक मरण पावला.

एकशे त्रेचाळीस मिनिटांच्या चित्रपटाचा सुमारे एक-तृतीयांश भाग अद्याप शिल्लक असतो. तो मृताच्या तसबिरीसमोर जागरणास बसलेल्या सहकाऱ्यांच्या संभाषणात जातो. बागेचे श्रेय कोणाचे, यावर वाद होतो; एकेकाच्या आठवणींतून वातानाबे तुकड्यातुकड्यांनी दिसतो. एक पोलीस त्याची टोपी घेऊन येतो आणि शेवटच्या रात्री आपण त्याला बागेतील झोपाळ्यावर पाहिले असे सांगतो. बर्फ पडत असते, ताकाशी शिमुरा यांचा वातानाबे हळूहळू झोके घेत असतो, तेच गीत गात असतो. शब्द तेच, चाल तीच. मद्यगृहातील आक्रंदन मात्र ओसरलेले. या दोन गायनांच्या मधे त्याच्या अंतरात काय घडले, ते चित्रपट दाखवीत नाही. दाखविता येण्याजोगे ते नव्हतेच. धनिकाचा आक्षेप येथे मान्यही होतो आणि निरुत्तरही होतो: व्यापाराचा विलय नटाकडून करविण्याऐवजी कुरोसावा नटालाच बाजूला काढतात, आणि त्या रिकाम्या जागी प्रेक्षकाला बसावे लागते. प्रेक्षकाच्या ठायी त्या वेळी जे निर्माण होते, त्याला करुण म्हणता येत नाही. शोक तर केव्हाच मागे पडलेला असतो. झोपाळा हलत असतो आणि त्याकडे पाहण्यावाचून दुसरे काही करावेसे वाटत नाही. मन भूतभविष्याकडे न धावता समोरच्या वस्तूवर असे स्थिरावणे, याला ‘अवधान’ हाच शब्द योग्य ठरेल.

या परिणामाचे मोल मात्र बेताने करावयास हवे, आणि तशी सूचना चित्रपटातच आहे. मद्याने सद्गदित झालेले सहकारी त्या रात्री मृताच्या मार्गाने जाण्याच्या शपथा घेतात. दुसऱ्या दिवशी नवा विभागप्रमुख आलेला अर्ज पूर्वीप्रमाणेच दुसऱ्या खात्याकडे धाडून देतो. किमुरा नावाचा एकटाच कारकून ताडकन उभा राहतो. सर्व जण त्याच्याकडे पाहू लागतात. तो पुन्हा खाली बसतो आणि कागदांच्या ढिगाआड दिसेनासा होतो. डोळे पुसत नाट्यगृहाबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकापुढे याहून निष्ठुर आरसा क्वचितच धरला गेला असेल. रसास्वाद अलौकिक असतो, असे प्राचीनांनी म्हटले. तो लौकिकात उतरतो की नाही, याची जबाबदारी त्यांनी काव्यावर टाकली नाही. कुरोसावा ती टाकीत नाहीत आणि झाकीतही नाहीत. अखेरच्या दृश्यात सायंकाळी किमुरा पुलावर थांबतो, खाली बागेत खेळणाऱ्या मुलांकडे काही काळ पाहतो, आणि चालू लागतो.