घरांतील कचेरी आणि तिचें रक्षण

कचेरीच्या इमारतीला भिंती असतात, दारावर पहारेकरी असतो, आणि शेजारच्या मेजाशीं बसलेला मनुष्य कोण हें सर्वांना ठाऊक असतें. या तीन गोष्टींनीं मिळून जें संरक्षण होत असे, त्याची किंमत कचेरी घरोघरीं विभागली जाईपर्यंत फारशी कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. २०२० च्या मार्च महिन्यांत कोरोनाच्या सांथीमुळें जगांतील लक्षावधि नोकरदार एकाएकीं घरून काम करूं लागले. पुण्यामुंबईच्या संगणक-कंपन्यांतील मंडळीही त्यांत होती. सांथ ओसरली, तरी कांहीं दिवस घरीं व कांहीं दिवस कचेरींत अशी मिश्र पद्धति पुष्कळ ठिकाणीं कायम राहिली. तिजबरोबर एक प्रश्नही कायम राहिला: समोर न दिसणाऱ्या माणसाची ओळख कशी पटवावयाची?

या प्रश्नाची हेळसांड किती महाग पडते, हें ट्विटर या अमेरिकन कंपनीवर ओढवलेल्या प्रसंगावरून चांगलें कळतें. जुलै २०२० मध्यें तिच्या कित्येक नोकरांना फोन आले. बोलणारे आपण कंपनीच्या तांत्रिक मदत-विभागांतील असल्याचें सांगत. घरून काम करणारांस कंपनीच्या जाळ्यांत शिरण्यासाठीं व्हीपीएन नांवाचा संरक्षित मार्ग वापरावा लागतो. त्यांत अडचणी येणें तेव्हां नित्याचेंच होतें. म्हणून ती दूर करण्याची भाषा खरी वाटली. भामट्यांनीं नोकरांना खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या पानावर नेलें. नोकरानें तेथें पासवर्ड भरला, कीं तोच ते त्याच क्षणीं खऱ्या पानावर भरीत. खरी यंत्रणा मग नोकराच्या फोनवर संमति विचारी, आणि कांहींनीं ती दिली. १५ जुलै रोजीं बराक ओबामा, जो बायडन, बिल गेट्स आदींच्या खात्यांवरून बिटकॉइन दुप्पट करून देण्याचीं आमिषें झळकलीं. १३० खात्यांना लक्ष्य केलें गेलें, त्यांपैकीं ४५ वरून मजकूर प्रसिद्ध झाला, आणि लोकांचे एक लाखाहून अधिक डॉलर बुडाले. मुख्य आरोपी अवघा १७ वर्षांचा निघाला.

या सर्व प्रकारांत कोणतेंही कुलूप फुटलें नाहीं; आंतल्या माणसांनींच तें उघडून दिलें. तींच माणसें एका मजल्यावर बसलेलीं असतीं, तर ‘मदत-विभागाचा हा नवा गृहस्थ कोण?’ असें शेजाऱ्यास सहज विचारतां आलें असतें. घरीं एकट्यानें काम करणारास हा शेजारी नसतो. त्याची उणीव एखाद्या ठरीव रिवाजानें भरून काढणें प्राप्त आहे. तो रिवाज साधा आहे: पासवर्ड, सांकेतिक अंक वा संमति मागणारा फोन आल्यास तो नम्रपणें बंद करावा, आणि कंपनीच्या यादींतील क्रमांकावर आपण होऊन फोन करून खातरी करून घ्यावी. फोन करणारा खुद्द वरिष्ठ असला, तरी त्यानें यांत अपमान मानूं नये.

मनुष्याची नजर फसते हें गृहीत धरून यंत्राचेंही साह्य घ्यावें. संगणकास जोडावयाची बोटाएवढी सुरक्षा-किल्ली, किंवा फोनांतील पासकी, ज्या संकेतस्थळासाठीं नोंदविली असेल त्याच्याच पत्त्याला उत्तर देते. खोटें पान कितीही हुबेहूब सजविलें, तरी त्याचा पत्ता निराळा असतो. त्यामुळें किल्ली तेथें मूक राहते. पासवर्ड मात्र जो मागेल त्याच्या हातीं पडतो. ट्विटरनेंही या प्रसंगानंतर आपल्या नोकरांना अशा किल्ल्या दिल्या.

दुसरा धोका विसरलेल्या दाराचा. मे २०२१ मध्यें अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यास इंधन पुरविणारी कलोनियल कंपनीची नलिका सुमारें पांच दिवस बंद पडली. भामटे शिरले ते वापरांत नसलेल्या एका व्हीपीएन खात्यांतून. त्यास पासवर्डावांचून दुसरा अडसर नव्हता. कंपनीनें सुमारें ४४ लाख डॉलर खंडणी भरली, आणि पेट्रोलच्या पंपांवर रांगा लागल्या. नोकर कंपनी सोडून गेला कीं त्याच दिवशीं त्याचें खातें मिटविणें हें चावी परत घेण्याइतकेंच अगत्याचें आहे.

घरांतही थोडी शिस्त हवी. कचेरीचा लॅपटॉप मुलांच्या खेळासाठीं वा अभ्यासासाठीं देऊं नये. राउटरचा मूळचा पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा. संगणकाच्या सुधारित आवृत्त्या येतांच बसवून घ्याव्या. कारण त्या पुष्कळदां उघडकीस आलेलीं भगदाडें बुजविण्यासाठींच निघालेल्या असतात.

इतकें करूनही एखादा फसेलच. तेव्हां खरी कसोटी वरिष्ठांची असते. ट्विटरच्या त्या प्रकरणांत कांहीं नोकरांना संशय आला व त्यांनीं तो कंपनीच्या संबंधित विभागास कळविलाही. असा निरोप जितका लवकर येईल, तितकें नुकसान कमी. भारतांत सर्ट-इन या शासकीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानें अशा घटना ध्यानांत आल्यापासून ६ तासांच्या आंत कळविणें कंपन्यांना बंधनकारक झालें. परंतु चूक कबूल करणाऱ्या नोकरास जेथें चारचौघांत बोल लावला जातो, तेथें ते सहा तास लपवालपवींतच निघून जातात. घरीं एकटा बसलेला मनुष्य ‘माझ्या हातून चुकीचें बटण दाबलें गेलें’ असें निर्भयपणें सांगूं शकेल, तरच त्या कचेरीला पुन्हां भिंती आहेत असें म्हणतां येईल.