देवाशी अबोला

श्रद्धा-अश्रद्धेचा आढावा म्हटला की आमचे अभ्यासक एका बाजूला संत बसवतात, दुसऱ्या बाजूला बुद्धिवादी आगरकर. मधला मुलूख मोकळाच. त्या मुलुखात देवाशी अबोला धरलेली माणसं राहतात, आणि मी वर्षानुवर्षं तिथेच रेंगाळतो आहे.

जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्या, त्याच्या बायकोला विधवाही करून टाकलं. ‘हा प्रेमकलह हो,’ असं एका परिसंवादात एक विद्वान मला समजावत होते. असेल. मग तेच कर्ममेळ्याला लावून दाखवा. चोखोबा-सोयराबाईंचा हा मुलगा. त्याचे अभंग थोडकेच उरलेत, पण त्यांत लाडिकपणा औषधालाही नाही. आम्ही उष्टं का खायचं आणि तुला याची लाज कशी वाटत नाही, असं तो देवाला तोंडावर विचारतो. बाप जन्मभर देवळाबाहेर उभा राहिला. 1338 साली मंगळवेढ्याला कोसळत्या भिंतीखाली गेला. पंढरीत समाधी मिळाली, तीही महाद्वारासमोर, आत नाही. त्या घरातला हा सवाल आहे. कर्ममेळा श्रद्धेकडे परत फिरला का, असं मला विचारतात. विचारायला त्याला विठ्ठलच सापडला, माझ्यापुरतं तेवढं पुरे.

परतीची वाट बघायची तर तुकोबांकडे जावं. 1630 च्या आसपासचा तो दुष्काळ. पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दिवाळं वाजलं. पुढे काय केलं ते त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवलंय. देहूचं पडकं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. मग एकादशीचं कीर्तन. चित्त त्यात नव्हतं, हेही कबूल. संतांची वचनं पाठ केली, गाणाऱ्यामागे ध्रुपद धरलं. म्हणजे आधी हात राबले, मग पाठांतर, मग गळा, आणि मन सगळ्यांच्या मागून आलं. साक्षात्कारापासूनच चरित्र सुरू करणाऱ्यांना हा क्रम अडचणीचा वाटतो, म्हणून ते तो गाळतात. आणि इतकं होऊनही भांडण मिटलं नाहीच. देवाच्या मरणाची वर्दी देणारा अभंग याच माणसाचा.

प्रार्थना समाज 1867 चा. सभ्य मंडळी, स्वच्छ उपासना, भांडण नाही, पुढे चला.

1895 च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, जूनमध्ये आगरकर गेले. आगरकर परतले नाहीत, त्यांना ओढून आणू नये. टिळक मात्र तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो असं सांगत. मला त्यांच्याहून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जवळच्या. नवऱ्याने धर्म सोडला म्हणून कोसळलेल्या या बाईंचं आधी सोवळं सुटलं, कुणाच्याही हातचं खाणं सुरू झालं, आणि 1900 साली बाप्तिस्मा त्यानंतर. इथेही हातच पुढे! त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ विनोदासाठी वाचणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

साठोत्तरी कवितेत देव फार वेळा मेला. बहुतेकदा फॅशन म्हणून.

आमच्या गावात एका माळकऱ्याचा तरणा मुलगा विहिरीत गेला. त्यांनी माळ काढून खुंटीला टांगली. देवळात पाऊल नाही, पण भजनाच्या रात्री बाहेर पारावर येऊन बसत. आत कुणी चरण विसरला की अंधारातून त्यांच्या खड्या आवाजात तो चरण यायचा, आणि पखवाज पुढे चालू. कुणी ‘आत या’ म्हटलं नाही. म्हटलं असतं तर पारावरही आले नसते. काही वर्षांनी एका आषाढीला माळ पुन्हा गळ्यात दिसली. विचारलं कुणीच नाही.

आता पाराच्या जागी सप्ताहाचा मंडप असतो. कीर्तनकार सुनांवर विनोद करतात, समोर मोबाइल उभे असतात, आणि अभंग निवडताना भांडणाचे तेवढे वगळले जातात. गेल्या वर्षी मी कर्ममेळ्याचा एक अभंग सुचवला. संयोजक म्हणाले, ‘काका, देणगीदार पुढे बसतात, जरा गोड काहीतरी द्या.’ यंदा त्यांनी मला विचारलंच नाही.